तेर्स, तालीम आणि निरोप

‘तेर्स’ हा शब्द कोल्हापुरात कुणाला विचारलात तर दहातले नऊ जण ‘टेरेस म्हणताय काय?’ असं उलट विचारतील. दहावा मात्र आजरा, चंदगड किंवा गडहिंग्लज भागातल्या कोकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरातला निघाला, तर तो आधी घड्याळाकडे बघेल. तेर्साची वेळ दिवेलागणीनंतरची. मे महिना कॅथलिक लोक मरियेचा महिना मानतात. शाळांना सुट्टी, घरात पाहुणे, आत उकाड्यानं बसवत नाही. म्हणून अंगणात नाहीतर सोप्यात चटई पडते, म्हातारी माळ काढते आणि पोरं जांभया देत मागनं उत्तरं म्हणतात. पुस्तकी मराठीत ही ‘जपमाळेची प्रार्थना’. शहरात ‘रोझरी’, मूळ लॅटिनमध्ये गुलाबांची बाग. घरात तेर्स.

पोर्तुगीज भाषेत तेर्सु म्हणजे तिसरा हिस्सा. कशाचा तिसरा? जुनी संपूर्ण रोझरी पंधरा दशकांची, म्हणजे ‘नमो मरिया’ दीडशे वेळा. बायबलातली स्तोत्रंही दीडशेच. ती लॅटिनमधून म्हणणं मठातल्या साधूंना जमे, निरक्षर शेतकऱ्याला कुठून जमणार? त्यानं एकच प्रार्थना दीडशे वेळा म्हणावी, अशी ही सोय असल्याचं सांगतात. पण दिवसभर राबून आलेला माणूस दीडशे तरी कधी म्हणणार? मग घरोघरी पाच दशकं, पन्नास मणी. दीडशेतले पन्नास, म्हणून तेर्स.

पुढे गंमत झाली. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोझरीत आणखी पाच दशकांची भर घातली. पंधराची वीस झाली, आणि रोजची पाच दशकं तिसऱ्या हिश्श्यावरून चौथ्यावर आली. हिशेबानं तेर्साचं नाव बदलायला हवं होतं. शब्द ढिम्म हलला नाही. आपण तरी कुठे हलतो? शेर जाऊन साठ वर्षं उलटली, तरी मंडईत अडीचशे ग्रॅम मिरची ‘पावशेर’ म्हणूनच मागतो. आणि जाता जाता एक योगायोग: दासबोधात वीस दशक, प्रत्येक दशकात दहा समास. आताच्या रोझरीतही वीस दशकं, प्रत्येकात दहा ‘नमो मरिया’. यातून काही सिद्ध होत नाही. पण सज्जनगडाच्या मुलखाशेजारी राहणाऱ्याच्या हे लक्षात आल्याशिवाय राहत नाही.

तेर्स ज्या मूर्तीसमोर म्हणतात ती ‘सायबीण’. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्याचा प्रवास कुठल्याही धर्माच्या कुंपणात मावत नाही. अरबी ‘साहिब’ म्हणजे सोबती. फारसीच्या वाटेनं येता येता सोबत्याचा मालक झाला, मालकाचा अधिकारी झाला. मराठीत तो साहेब, कोकणीत सायब. गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर ‘गोंयचो सायब’ झाले. मग कोकणीनं त्याला आपला स्त्रीलिंगी प्रत्यय जोडला आणि सायबाची सायबीण केली. अरबस्तानातला सोबती अशा रीतीनं नाझरेथच्या मरियेपर्यंत पोचला, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

म्हापशाची मिलाग्र सायबीण तर प्रसिद्धच आहे. मिलाग्र म्हणजे चमत्कार. तिचं फेस्त ईस्टरनंतर ऐन उन्हाळ्यात येतं. ती आणि शिरगावची लईराई देवी या सख्ख्या बहिणी, असं लोक मानतात. हिंदू भाविक सायबिणीला तेल वाहतात. सावंतवाडीचं कॅथेड्रलही याच मिलाग्र माउलीच्या नावाचं. ‘फेस्त’ पोर्तुगीज, पण घाटावरचा शेजारी त्याला सरळ ‘चर्चची जत्रा’ म्हणून मोकळा होतो. त्याचंही बरोबरच आहे. त्याच दिवसांत त्याची जोतिबाची चैत्र यात्रा झालेली असते, आणि जत्रा हे यात्रेचंच बोलीतलं रूप.

घाटाखाली सायबीण, तर नगरकडच्या मराठी कॅथलिकांत ‘माउली’. श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउली, वांद्र्याची मोतमाउली. या ‘मोत’बद्दल दोन मतं आहेत. कुणी म्हणतं मोती, कुणी म्हणतं टेकडी या अर्थाच्या ‘माउंट’चा अपभ्रंश. मला दुसरं पटतं, कारण वांद्र्याचं देऊळ टेकडीवरच आहे आणि लोक मूर्तीला जागेवरून हाक मारतात, दागिन्यावरून क्वचित. ‘माउली’चा उगम मात्र वादाचा नाही. ज्ञानोबांना जी हाक, तीच मरियेला. किनाऱ्यानं तिला दरबारी पदवी दिली, पठारानं वारकरी.

कोल्हापूर या दोन वाटांच्या मधोमध आहे, म्हणून इथल्या ख्रिस्ती बोलीत इतके थर आहेत. मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली इथं आले, ते अमेरिकन प्रॉटेस्टंट. त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च आजही शहरात आहे. त्या परंपरेनं ‘पाळक’, ‘शुभवर्तमान’, ‘उत्तम शुक्रवार’ असे संस्कृत-मराठी शब्द रुळवले. कॅथलिकांची गोष्ट वेगळी. कुणी आंबोली घाट चढून आलेलं, कुणी नोकरीनिमित्त गोव्याहून, मंगळूरहून, केरळातून, कुणी नगरकडून. इथला चर्चचा कारभार पूर्वी पुण्याच्या धर्मप्रांतातून चाले. २००५ साली सिंधुदुर्ग हा नवा धर्मप्रांत झाला, कोल्हापूर जिल्हा त्यात गेला आणि मुख्य ठाणं सावंतवाडीला आलं. शाहूपुरीतल्या माणसाचा बिशप घाटाखाली बसतो!

या रचनेतले शब्दही घराभोवतीच फिरतात. ग्रीक ‘ओइकोस’ म्हणजे घर. संस्कृतातला ‘वेश’, म्हणजे राहण्याची जागा, त्याच कुळातला. त्या ओइकोसवरून ‘दिओइकेसिस’, म्हणजे घरकारभार. तोच पुढे इंग्रजीत डायोसिस झाला, मराठीत आपण त्याला धर्मप्रांत केलं. आणि ‘पारोइकिया’ म्हणजे घराच्या शेजारी राहणं, परक्या गावात बिऱ्हाड करणं. पॅरिश हा शब्द तिथून आला. मुळात पॅरिश म्हणजे उपऱ्यांची वस्ती! कोल्हापूरच्या कॅथलिकांना हा मूळ अर्थ जितका लागू पडतो तितका रोममधल्या माणसाला पडणार नाही.

पोर्तुगिजांनी पारोइकिया बाजूला ठेवून दुसरा शब्द रुळवला, ‘फ्रेगेझिया’. तो ‘चर्चचा पुत्र’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दजोडीतून निघालेला. त्याचं कोकणीत झालं फिर्गज. गंमत अशी की आजच्या पोर्तुगीजमध्ये ‘फ्रेगेझ’ म्हणजे दुकानाचं गिऱ्हाईकसुद्धा. वसईकडच्या लेखक-धर्मगुरूंनी मराठीत ‘धर्मग्राम’ हा शब्द चालवला. शब्द देखणा आहे, वसईत तो शोभतोही, कारण तिथं खरंच गावंच्या गावं ख्रिस्ती आहेत. कोल्हापुरात पंधरा मैलांवरून रिक्षा, वडाप आणि मोटरसायकलवरून रविवारी जमणाऱ्या लोकांना ‘ग्राम’ म्हणायचं म्हणजे जरा ओढूनताणून होतं. लोक ‘आमचं चर्च’ म्हणतात, आणि त्यात इमारत, माणसं, फादर, शेजारची शाळा सगळं येतं.

रविवार म्हटलं की आणखी एक बारकावा. पोर्तुगीजमध्ये रविवार म्हणजे ‘दोमिंगु’, प्रभूचा दिवस. प्रार्थनेचं नाव, सणाचं नाव, कारभाराचं नाव, सगळं पोर्तुगीजमधून घेणाऱ्या कोकणी ख्रिस्ती माणसानं वाराचं नाव मात्र घेतलं नाही. तो ‘आयतार’च म्हणतो; कोल्हापूरचा शेतकरी म्हणतो तोच ऐतवार, आदित्यवार.

त्या आयताराला होते ती ‘मिस्सा’, कोकणीत ‘मीस’. हा शब्द मुळात प्रार्थनेचं नाव नव्हता. लॅटिन उपासनेच्या शेवटी धर्मगुरू लोकांना जायला सांगत: ‘इते, मिस्सा एस्त’. मिस्सा म्हणजे पाठवणी, रजा. लोकांनी शेवटच्या वाक्यातला शब्द उचलला आणि सगळ्या विधीलाच तो चिकटवला. १९६२ ते १९६५ या काळातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मागं पडलं, मिस्सा मराठीत होऊ लागली, पण नाव लॅटिनच राहिलं. पाठवणे या अर्थाच्या त्याच धातूतून ‘मिशन’ निघतो. गावोगावच्या ‘मिशन कंपाउंडा’तला मिशन लॅटिन आणि कंपाउंड मलय भाषेतल्या ‘कांपुंग’चं, म्हणजे वस्तीचं, इंग्रजांनी केलेलं रूप. उन्हाळ्यात तिथल्या चिंचेखाली क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना एवढा भूगोल सांगितलात तर ती चेंडू मागतील, आणि ते योग्यच होईल.

आता आपल्याकडचा ‘निरोप’ बघा. निरोप पाठवतात, आणि निरोप घेतातही. संदेश आणि रजा, दोन्ही अर्थ एका शब्दात. हा शब्द संस्कृत ‘निरूप’शी जोडता येतो. कानडीत ‘निरूप’ म्हणजे हुकूम, राजाज्ञा. सीमेवरच्या माणसाला हा धागा सहज दिसतो: राजाची आज्ञा झाली की माणूस दरबारातून निघतो, सोबत संदेश घेऊन निघतो. आज्ञा, संदेश आणि रजा ही एकाच प्रसंगाची तीन अंगं. लॅटिन मिस्साच्या पोटात जे आहे ते मराठी निरोपात जसंच्या तसं आहे. मला तरी दुसऱ्या एका शब्दात ते इतकं नेमकं सापडलेलं नाही.

हे कुणाला तरी सव्वाशे वर्षांपूर्वी जाणवलं असावं. जर्मन जेझुइट हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली नगर भागातल्या मराठी कॅथलिकांसाठी मासिक काढलं, त्याचं नाव ‘निरोप्या’. जगभर जेझुइटांची ‘संदेशवाहक’ अशा अर्थाच्या नावाची मासिकं होती. डोरिंग यांना ‘दूत’, ‘संदेशवाहक’, ‘वार्ताहर’ असा कुठलाही भारदस्त शब्द घेता आला असता. त्यांनी घेतला गावात सांगावा घेऊन येणाऱ्या माणसाचा शब्द. डोरिंग पुढे १९०७ साली पुण्याचे बिशप झाले, मधली काही वर्षं जपानात हिरोशिमालाही होते, आणि परत पुण्याला आले. ‘निरोप्या’ आजही निघतो. परदेशी माणसानं केलेली मराठी शब्दाची इतकी अचूक निवड मला दुसरी पटकन आठवत नाही. थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ च्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला बिनदिक्कत ‘वैकुंठ’ म्हटलं, ती एक सोडून.

उन्हाळ्यातलं चर्चचं मोठं काम म्हणजे मुलांचं शिबिर. प्रॉटेस्टंट मंडळींत त्याला ‘व्हीबीएस’ म्हणतात, म्हणजे व्हेकेशन बायबल स्कूल; एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत सुरू झालेली ही पद्धत. कॅथलिकांत ‘उन्हाळी शिबिर’ किंवा नुसतं ‘कॅम्प’. चित्रं, गाणी, बायबलमधल्या गोष्टींची नाटुकली, दुपारी सरबत आणि बिस्किटं, शेवटच्या दिवशी आईबापांसमोर कार्यक्रम. यातला ‘शिबिर’ हा शब्द मुळात लष्करी. महाभारताच्या सौप्तिकपर्वात अश्वत्थामा मध्यरात्री शिरतो ते झोपलेल्या पांडवपक्षाचं शिबिर. तंबू, पहारे, रक्त. त्या शब्दानं विसाव्या शतकात सेवा दल, स्काउट, श्रमदान असं करत करत हत्यारं खाली ठेवली, आणि आज त्यात सात वर्षांची पोरगी नोहाच्या तारवात जिराफ काढते.

‘स्कूल’चं मूळ तर याहून उलटं. ग्रीक ‘स्खोले’ म्हणजे फुरसत. सुट्टी आपल्या ‘सुटणे’तली. तेव्हा सुट्टीतली शाळा म्हणजे शब्दशः सुटकेतली फुरसत. मुलांना हे कळलं तर ती आपल्याकडे जाब मागतील.

मुलांना जे शिकवतात त्याला कोकणी घरात ‘दोतोर्न’ म्हणतात. पोर्तुगीज ‘दोउत्रिना’, लॅटिनमधल्या शिकवणे या धातूतून. आपला डॉक्टर याच घरातला, तोही आधी शिकवणारा होता, सुई नंतर आली. मराठीत ‘धर्मशिक्षण’ हा शब्द आहे. पण नेमक्या याच अर्थाचा एक शब्द कोल्हापुरात गल्लोगल्ली पाट्यांवर लिहिलेला आहे आणि तो कुणी ओळखत नाही: तालीम. अरबीत ‘तालीम’ म्हणजे शिकवण, ‘इल्म’ देणं. उर्दूत तो आजही शिक्षणच. मराठीत आला तो कसरतीच्या, सरावाच्या अर्थानं. नाटकाची तालीम होते, पैलवानाची होते. कोल्हापुरानं त्याला आणखी पुढं नेलं. इथं तालीम म्हणजे आखाडा, पेठेचं मंडळ, गणपती आणि फुटबॉलचा संघसुद्धा. पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा कुणाला अरबी व्याकरण आठवत नाही. दोतोर्नाला बसलेल्या पोराचं निम्मं लक्ष त्या सामन्याकडे असतं, म्हणजे एका तालमीत बसून ते दुसऱ्या तालमीचा विचार करत असतं. कोल्हापूरच्या चर्चनं आपल्या उन्हाळी वर्गाला ‘ख्रिस्ती तालीम’ म्हणायला हरकत नसावी. निदान उपस्थिती वाढेल.

उन्हाळा म्हणजे नुसती प्रार्थना आणि शिबिर नव्हे. पावसाळ्याची भरती हेही मोठं काम. गोव्यात त्याला ‘पुरुमेंत’ म्हणतात. पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतु’, मुळात ‘आधीच पाहून ठेवणं’. सुकी मासळी, सोलं, गूळ, मिरची घरात भरून ठेवायची. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला लोक ‘पुरुमेंताचें फेस्त’च म्हणतात, कारण पेंटेकॉस्टच्या सुमारास भरणाऱ्या त्या जत्रेत ही खरेदी होते. चर्चचा सण आणि घरची वाणसामानाची यादी एका नावात आली.

आपल्याकडे याला ‘बेगमी’. फारसी ‘बे’ म्हणजे विना, ‘गम’ म्हणजे चिंता. बेगमी म्हणजे बिनघोरपणा. एका भाषेनं डोळ्यावर भर दिला, पुढचं बघ म्हणाली. दुसरीनं छातीवर हात ठेवला, आता झोप म्हणाली. घाट चढून आलेल्या घरांत दोन्ही शब्द एकमेकांना लागून नांदतात. पण प्रत्यक्ष काम बघायचं तर एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरात डंकावर जावं. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या उन्हात कडक वाळवलेल्या, खोबरं, तीळ, धने भाजून आणलेले, लसूण सोललेला, कांदा तळलेला. प्रत्येकीचा डबा, प्रत्येकीचं प्रमाण वेगळं. लोखंडी मुसळं खटाखट पडत असतात, डोळे चुरचुरतात, आणि ओळीत उभ्या बायांत कुणाच्या गळ्यात मंगळसूत्र, कुणाच्या गळ्यात क्रूस. निघते ती चटणी. बाहेरच्याला तो मसाला वाटतो, कोल्हापूरकर त्याला चटणीच म्हणतो. आणि इथं पोर्तुगीज, लॅटिन काही चालत नाही. ख्रिस्ती बाईही डंकवाल्याला ‘दादा, जरा बारीक काढा की’ असंच म्हणते.

पाऊस लागला की उन्हाळ्याचे हे शब्द मिटतात. २४ जूनला संत जॉनचा सण, पोर्तुगीज ‘सांव जुआंव’. त्याचा गोव्यात झाला ‘सांजांव’. डोक्यावर पानाफुलांचं कोपेल घालून तरणी पोरं भरलेल्या विहिरीत उड्या घेतात. घाटावर त्याच सुमारास, ज्येष्ठी पौर्णिमेला, सीमाभागात कर्नाटकी बेंदूर होतो. दोन्हीकडे पावसाचंच स्वागत.

राहिला एक प्रश्न, आणि तो नेहमी मराठीचे कैवारी विचारतात: तेर्स, फेस्त, मिस्सा हे परके शब्द ठेवायचे कशाला? माझं उत्तर सरळ आहे. मिसळीबरोबरचा पाव पोर्तुगीज ‘पांव’ आहे, महिन्याचा पगार पोर्तुगीज आहे, नाताळ पोर्तुगीज आहे; ते मराठी झाले तर तेर्सानं काय घोडं मारलं? चारशे वर्षं ज्या शब्दात म्हाताऱ्या बाया प्रार्थना करत आल्या, त्याला परका म्हणण्याचा हक्क शब्दकोशाला नाही. ‘धर्मग्राम’, ‘जपमाळ’ हे शब्दही हवेत, छापील कागदाला ते लागतात. ‘व्हीबीएस’बद्दल मात्र माझी तक्रार आहे. ती नुसती तीन अक्षरं आहेत, त्यांना चव नाही, आणि ‘शिबिर’ हाताशी असताना त्यांची गरजही नाही.

धास्ती आहे ती वेगळीच. नव्या पिढीची कोल्हापूरची ख्रिस्ती मुलं घरी मराठी बोलतात, ‘कॉन्व्हेंट’ शाळेत इंग्रजी. आणि तेर्स, दोतोर्न, पुरुमेंत हे शब्द आजीच्या तोंडापुरते उरलेत. बोलीचे अभ्यासक चंदगडीकडे, सीमेवरच्या कानडी-मराठीकडे वळले. या घरांकडे फारसं कुणी वळलेलं नाही. तेव्हा या मे महिन्यात जिथं जिथं उन्हाळी शिबिर भरेल, तिथल्या फादर-सिस्टरांना एक विनंती आहे. एक दिवस चित्रकलेऐवजी प्रत्येक मुलाला वही द्या आणि आजीला विचारून वीस शब्द लिहून आणायला सांगा: स्वयंपाकघरातले, प्रार्थनेतले, लग्नातले. शब्दापुढे गावाचं नाव लिहून घ्या. त्या वह्या फेकू नका. चर्चच्या कपाटात ठेवा, आणि एक प्रत शिवाजी विद्यापीठाच्या मराठी विभागाकडे पाठवा.